खिशातल्या राक्षसांची कुळकथा

कडाब्रा नावाचा एक प्राणी आहे. कोल्ह्यासारखं तोंड, भरघोस मिशा, हातात चमचा. त्याला कितीही लढवा, कितीही दिवस सोबत फिरवा, तो आपल्या शेवटच्या रूपाला पोचत नाही. त्याचा अलकझाम व्हायचा असेल, तर त्याला तुमच्या यंत्रातून निघून दुसऱ्या कुणाच्या तरी यंत्रात जावं लागतं. माचोक, ग्रॅव्हलर आणि हाँटर यांचंही तसंच. पोकेमॉनच्या पहिल्या खेळात असे चार प्राणी आहेत आणि राक्षस गोळा करण्याच्या या सगळ्या खेळप्रकाराचं मर्म मला या चौघांत दिसतं.

धुळ्याच्या देवपूर भागातल्या ज्या मुलांनी हा खेळ स्वस्तातल्या फोनवर इम्युलेटर टाकून खेळला, ती याच चौघांपाशी अडली. आठही बिल्ले मिळाले, शेवटची लढाई जिंकली, तरी यादीतल्या काही जागा रिकाम्याच. दोन यंत्रं जोडणाऱ्या ज्या केबलभोवती खेळ रचला होता, ती फोनला नव्हती.

असे खेळ आजही लोकांना का ओढतात, याचं ठरलेलं उत्तर म्हणजे बालपणाची आठवण. जपान-अमेरिकेतल्या चाळिशीच्या माणसाबद्दल ते खरं असेल. पण हा खेळ मुळात ज्यावर चाले, तो गेमबॉय धुळ्यात किती घरांत होता? इथे टीव्हीला जोडायचे खोके होते, त्यांत मारिओ आणि कॉन्ट्रा होते. हातात धरायचा म्हणून ठोकळे रचायचा ब्रिक गेम होता. ज्या मुलाने गेमबॉय डोळ्यांनी पाहिला नाही, त्याला त्या करड्या-हिरव्या पडद्याची आठवण कुठून येणार? तरी तो त्यात रमतो. म्हणून या खेळाचं मूळ शोधायला आठवणींच्या मागे जावं लागतं, आणि तिथे भेटतात किडे.

पोकेमॉनचे जनक सातोशी ताजिरी यांचा जन्म १९६५चा. ते वाढले टोकियोजवळच्या माचिदा या उपनगरात. तेव्हा तिथे भातखाचरं, तळी आणि झाडी शिल्लक होती. किडे पकडण्याचा त्यांना इतका नाद, की बरोबरीची मुलं त्यांना किड्यांचे डॉक्टर म्हणत. बाकीची मुलं झाडाच्या सालीला मध लावून भुंग्यांची वाट पाहत बसत. ताजिरी झाडाखाली दगड ठेवत. भुंगे दिवसा दगडाखाली झोपतात, हे त्यांनी हेरलं होतं. सकाळी जाऊन दगड उचलला की भुंगे हाती.

खानदेशात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पावसाळ्यात बाभळीच्या पाल्यावर हिरव्या झळाळीचा सोनकिडा येतो. तो पकडायचा, काडेपेटीत पाला घालून ठेवायचा, दर तासाला उघडून बघायचं, अंडी घातली का म्हणून मित्राला विचारायचं, आणि आपल्याकडे दोन असतील तर एक देऊन गोट्या घ्यायच्या. शोधणं, पकडणं, सांभाळणं, दाखवणं आणि अदलाबदल करणं: अख्खा खेळ त्या काडेपेटीत आहे. पुढे माचिदाची तळी बुजली, शेतांवर इमारती आल्या. मासे धरायच्या तळ्याच्या जागी व्हिडिओ गेमचं पार्लर उभं राहिलेलं ताजिरींनी पाहिलं आणि त्याच पार्लरमध्ये ते रमले. शहरातल्या मुलांना आता किडे पकडायला जागाच नाही, ही खंत त्यांनी मोठेपणी मुलाखतीत बोलून दाखवली आहे. देवपुरातही वसाहती वाढल्या तशा बाभळी तुटल्या. ती खंत इथे बसूनही कळते.

१९८३ साली, सतराअठरा वर्षांचे असताना, ताजिरींनी ‘गेम फ्रीक’ नावाचं नियतकालिक काढलं. हाताने लिहिलेलं, झेरॉक्स काढून पिना मारलेलं. ते वाचून केन सुगिमोरी हा चित्रकार त्यांना येऊन मिळाला. इतरांच्या खेळांवर लिहिता लिहिता दोघांना वाटलं, की आपणच खेळ करावा. १९८९ मध्ये याच नावाची कंपनी निघाली. त्याच वर्षी निन्टेन्डोने गेमबॉय बाजारात आणला.

गेमबॉयच्या कडेला एक छोटं भोक होतं. त्यात केबल घालून दोन यंत्रं जोडता येत. बहुतेक जण ती एकमेकांना हरवण्यासाठी वापरत, टेट्रिसमध्ये वगैरे. ताजिरींना त्या केबलवरून किडे सरपटत पलीकडे जाताना दिसले. त्याआधीची एक हकिकत या दृष्टीला कारण आहे. ‘ड्रॅगन क्वेस्ट २’ खेळताना एक दुर्मीळ टोपी सुगिमोरींना दोनदा मिळाली आणि ताजिरींना एकदाही नाही. जास्तीची टोपी मित्राला देता आली असती तर? पोकेमॉनच्या जन्माची कथा सांगताना लोक किड्यांपाशी थांबतात. मला ही टोपी तितकीच महत्त्वाची वाटते. किडे पकडणारी मुलं जगभर होती. आपल्याकडे जास्तीचं आहे आणि मित्राकडे नाही, याची टोचणी खेळाच्या गाभ्यात बसवणारा माणूस विरळा.

राक्षस सोबतीला घेण्याची कल्पना मात्र त्यांची एकट्याची नव्हती. १९६७च्या ‘अल्ट्रासेव्हन’ या जपानी टीव्ही मालिकेतला नायक छोट्या कुप्यांमधून राक्षस बाहेर काढत असे. पोकेमॉनचं सुरुवातीचं नावही ‘कॅप्सूल मॉन्स्टर्स’ होतं. १९८७ मध्ये ‘मेगामी टेन्सेई’ आला. त्यात समोर आलेल्या राक्षसाशी बोलून, लालूच दाखवून त्याला आपल्या बाजूला वळवता येई आणि दोघांना मिसळून तिसरा करता येई. याच मालिकेच्या पुढच्या खेळांत आपले शिव, विष्णू, कालीही येतात, हे आपल्या वाचकाने जाणून घ्यावं. १९९२च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट ५’मध्ये लढाईत हरवलेले राक्षस आपल्या तांड्यात सामील होत. पण हे सगळे एकट्याने खेळायचे खेळ. पलीकडे दुसरा माणूस नव्हता.

तो माणूस आणायला सहा वर्षं लागली. मधल्या काळात कंपनीचे पैसे संपत आले, काही जण सोडून गेले. २७ फेब्रुवारी १९९६ला जपानमध्ये ‘लाल’ आणि ‘हिरवा’ अशा दोन आवृत्त्या निघाल्या. दोन आवृत्त्या काढायचा सल्ला निन्टेन्डोच्या शिगेरू मियामोतो यांचा. लाल घेतलेल्याला काही प्राणी कधीच सापडणार नाहीत, ते हिरव्यात. हिरवावाल्याचे काही लालमध्ये. म्हणजे पैसे मोजून घेतलेला खेळ मुद्दाम अपुरा ठेवलेला! यात धंद्याचं गणित होतं, हे उघड आहे. पण त्या अपुरेपणामुळे मुलाला घराबाहेर पडून दुसऱ्या मुलाला शोधावं लागलं. अदलाबदलीत मिळालेला प्राणी दीडपट वेगाने अनुभव मिळवतो, असाही नियम त्यांनी केला. आणि प्राणी कितीही हात बदलो, त्याला पहिल्यांदा पकडणाऱ्याचं नाव त्याच्यावर कायम राहतं. मला हा नियम फार आवडतो. वस्तू तुमची झाली तरी ती कुणी दिली हे पुसता येत नाही.

आता त्या चित्रांविषयी, कारण ‘जुन्या वळणाचा’ खेळ म्हटलं की आधी तीच डोळ्यांपुढे येतात. गेमबॉयचा पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा, छटा चारच. समोरच्या राक्षसाला जास्तीत जास्त ५६ बाय ५६ ठिपक्यांचा चौकोन मिळे. दीडशे प्राणी, गावं, गुहा, संगीत, सगळे संवाद मिळून जपानी आवृत्ती अर्ध्या मेगाबाइटची. आज फोनवर काढलेला एक फोटो त्याहून मोठा असतो. प्राण्यांचे आवाजही प्रत्येकाला वेगळे देता आले नाहीत. मोजके मूळ आवाज घेऊन त्यांचीच पट्टी आणि लांबी बदलली. या तंगीचा फायदा असा झाला, की प्रत्येक प्राणी बाह्यरेषेवरूनच ओळखू यावा लागला. चार छटांत रंगाची, पोताची मदत नाही. रेष चुकली तर प्राणी मेला. म्हणून त्या चित्रांना एक ठाशीवपणा आहे आणि उरलेलं भरून काढायला खेळणाऱ्याला जागा आहे. आजच्या चकचकीत खेळांत राक्षसाच्या अंगावरचा केस न् केस दिसतो. तिथे बघणाऱ्याला करण्यासारखं काही उरत नाही.

या पहिल्या खेळात एक चोरटा पाहुणाही होता. खेळ तयार झाल्यावर चाचणीची साधनं काढून टाकली, तेव्हा जेमतेम ३०० बाइट जागा मोकळी झाली. शिगेकी मोरिमोतो या प्रोग्रामरने तिथे गुपचूप १५१वा प्राणी बसवला, म्यू. मुलांमध्ये कुजबुज सुरू झाली. ‘कोरोकोरो’ मासिकाने २० वाचकांना म्यू देण्याची सोडत जाहीर केली, तर ७८,००० अर्ज आले. दिसत नाही, पण आहे म्हणतात, अशा प्राण्याची ओढ यादीतल्या दीडशेंवर मात करून गेली.

आपल्याकडे हे सगळं उलट्या क्रमाने पोचलं. २००३ मध्ये कार्टून नेटवर्कवर पोकेमॉनची मालिका सुरू झाली. पाठोपाठ चिप्सच्या पाकिटांतून टाझो आले, प्राण्यांची चित्रं छापलेल्या प्लास्टिकच्या चकत्या. मधल्या सुट्टीत पँटच्या खिशात त्यांचा खुळखुळाट. डबल असलेले बाजूला काढायचे, दुर्मीळ एकासाठी साधे तीन द्यायचे, वरून भांडायचं. मूळ खेळ न पाहता देवपुरातली मुलं त्याचा उत्तरार्ध, म्हणजे देवघेव, खेळत होती. आणि ती खरी देवघेव होती: दिलेला टाझो हातातून जाई.

पूर्वार्ध आला दहाएक वर्षांनी, फोनवर. २००४चा ‘फायररेड’ हा पहिल्याच खेळाचा नव्याने केलेला अवतार. त्याची फाइल १६ एमबीची, ब्लूटूथवरून एका फोनमधून दुसऱ्यात जाणारी. परवानगीशिवाय केलेल्या प्रती होत्या त्या, हे सांगायलाच हवं. हलका खेळ साध्या फोनवर चाले. एकाची पाळी, मग दुसऱ्याची, अशी लढाई असल्याने धुळे-नाशिक एसटीत खड्डा आला तरी काही बिघडत नसे. हवा तिथे थांबवता येई. या खेळांच्या लोकप्रियतेतलं हे साधं कारण मोठे लेख लिहिणारे विसरतात: ते गरीब यंत्रावर चालतात आणि खेळणाऱ्याला घाई करत नाहीत.

पण प्रत देणं आणि प्राणी देणं यांत फरक आहे. फाइल मित्राला दिली तर आपली आपल्याकडे राहते. कडाब्रा दिला की तो जातो, त्याची जागा रिकामी दिसते आणि म्हणूनच समोरून काय येतंय याला किंमत येते. पुढे काही इम्युलेटरांनी ब्लूटूथ-वायफायवरून केबलची सोय दिली, ती फार थोड्यांनी वापरली. २०१६ मध्ये ‘पोकेमॉन गो’ने माणसांना रस्त्यावर आणलं. पण पहिल्या दीडदोन वर्षांत त्यातही प्राण्यांची अदलाबदल नव्हती. ती सोय २०१८ मध्ये आली.

आता जुन्या वळणाचे नवे खेळ निघतात. डच चमूचा ‘कोरोमॉन’ २०२२चा, इंग्लंडमधला ‘कॅसेट बीस्ट्स’ २०२३चा. दुसऱ्यात राक्षसांना चक्क ऑडिओ कॅसेटवर ध्वनिमुद्रित करून घेतात, ही कल्पना सुंदरच. ठिपक्यांची चित्रं, चौकोनी गावं, गुणगुणतं संगीत यांत हे निर्माते जीव ओततात. माझं मत असं, की या प्रकारात पुढचं मोठं काम जुन्या पडद्याची नक्कल करून होणार नाही. ते त्या कडेच्या भोकाचा विचार करणाऱ्याच्या हातून होईल.

आणि ते इथे का होऊ नये? जपानी मुलं पोकेमॉनमध्ये बुडाली होती तेव्हा, नोव्हेंबर १९९७ मध्ये, आपल्या भागात खराखुरा म्यू सापडला. रानपिंगळा हे छोटं घुबड १८८४ नंतर कुणी खात्रीने नोंदवलं नव्हतं. ते नामशेष झालं असंच मानत. मधल्या काळातला एकच नमुना होता, पक्षीसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्‌झहागन यांचा. त्यावर १९१४ साल आणि गुजरातमधलं ठिकाण लिहिलेलं. पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो तपासला तेव्हा कळलं, की संग्रहालयातला दुसऱ्याने जमवलेला जुना नमुना चोरून, पुन्हा भरून, त्याला खोटी चिठ्ठी लावली आहे. मूळ पकडणाऱ्याचं नाव पुसण्याचाच प्रकार! तो नमुना होता जेम्स डेव्हिडसन यांचा, खानदेशात मिळवलेला. खोटं ठिकाण बाजूला सारून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी जुन्या खऱ्या ठिकाणी शोध घेतला आणि शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दिसला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. नंदुरबार जिल्हा त्यानंतर, १ जुलै १९९८ला झाला.

देवपुरात अभियांत्रिकीचं महाविद्यालय आहे, चित्रं काढणारी मुलं आहेत. ‘जीबी स्टुडिओ’ नावाचं साधन २०१९पासून फुकट मिळतं. प्रोग्रामिंग न येणाऱ्यालाही त्यात गेमबॉयवर चालणारा खेळ करता येतो. प्राण्यांची यादी सातपुड्यापासून अनेर धरणापर्यंत आणि नकाण्याच्या तलावापासून लळिंगच्या कुरणापर्यंत पसरलेली आहे. सोनकिड्यापासून सुरुवात करा. फक्त आवृत्त्या दोन काढा, एक देवपूरची आणि एक पांझरा नदीपलीकडच्या जुन्या धुळ्याची. आणि पूल ओलांडून कुणाला तरी भेटल्याशिवाय एकाही काठाची यादी पुरी होऊ देऊ नका.