दीपमाळ आणि विजेची रोषणाई : एकदाचा खर्च व दरवर्षीचा खर्च

देवालय म्हटले की दिवा आलाच. गाभाऱ्यात नंदादीप, प्रांगणात दीपमाळ आणि उत्सवात रोषणाई, असा हा क्रम पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. कोणत्याही देवळाचा जीर्णोद्धार निघाला की एक प्रश्न हमखास पुढे येतो. उत्सवापुरती रोषणाई दरवर्षी भाड्याने आणावी, की एकदाच खर्च करून शिखरावर व प्राकारावर कायमचे दिवे बसवावेत? प्रश्न विजेच्या काळातला वाटतो, परंतु तो फार जुना आहे. पूर्वजांनी तो कसा सोडविला हे पाहिल्यास आजचा हिशोब करणे सोपे जाते, म्हणून हा अल्पसा प्रयत्न.

दीपमाळ ही आपल्याकडील कायमची रोषणाई होय. घाटावरची दीपमाळ बहुधा दगडी, वर निमुळती होत गेलेली, सभोवती दिवे ठेवण्यासाठी दगडाचेच हात काढलेली. गोव्यात तिला मजले व कोनाडे असतात. श्रीमंगेशाचे स्थान १५६० साली कुशस्थळीहून प्रियोळ येथे हलविले गेले. तेथे आज दिसणारी दीपमाळ सात मजली आहे. जेजुरीस गड चढताना पायऱ्यांच्या दुतर्फा दीपमाळा लागतात. त्यांतील कित्येक भक्तांनी नवस फेडण्यासाठी उभारलेल्या आहेत. उज्जैन येथे हरसिद्धीच्या देवळापुढे मराठ्यांच्या अमदानीतील दोन उंच दीपमाळा असून त्यांवर मिळून हजारावर दिवे लागतात.

दगडी काम एकदाच करावे लागते, हे खरे. पण तेल? उज्जैनच्या दोन्ही दीपमाळा एकवार पेटविण्यास सुमारे ६० लिटर तेल लागते, असे तेथे सांगितले जाते. लिटरला १५० रुपये धरले तरी एका संध्याकाळचे ९,००० रुपये होतात. वात, पणत्या आणि उंच चढून दिवे लावणाऱ्यांची मजुरी वेगळी. म्हणजे माळ कायमची असली तरी उजेड कायमचा नव्हे. दगडावर नाव कोरून देणारा दाता सापडतो, तेलावर नाव कोरता येत नाही, ही अडचण तेव्हाही होतीच.

या अडचणीवर जुन्या लोकांनी काढलेला तोड शिलालेखांत पाहावयास मिळतो. नाशिकच्या लेण्यांत उषवदाताचा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील लेख आहे. भिक्षूंच्या वस्त्रादी खर्चासाठी त्याने ३,००० कार्षापण कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. त्यांपैकी २,००० वर दरमहा शेकडा १ आणि १,००० वर शेकडा पाऊण असे व्याज ठरले. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, केवळ व्याज वापरावयाचे. वर्षाचे व्याज २४० अधिक ९० असे ३३० कार्षापण होते. यास अक्षयनीवी म्हणत.

दुसरी रीत चाळीसगावजवळील पाटण येथील शके ११२८ च्या लेखात दिसते. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापन झालेल्या मठाची ती व्यवस्था आहे. लेखातील मराठी भागात गावातील प्रत्येक तेलघाण्यामागे पळीभर तेल मठास द्यावे, असे ठरवून दिले आहे. येथे रोख पैसा नाही, वस्तूच आहे. तेलाचा भाव दुप्पट झाला तरी पळीभर तेल ते पळीभरच राहते. हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे.

तिसरी रीत जमिनीची. अहिल्याबाई होळकरांनी देशभर देवळे व घाट बांधले, तसे त्यांच्या चालू खर्चासाठी खासगीच्या उत्पन्नातून नेमणुकाही करून दिल्या. लहान गावांतही पूजाअर्चा व दिवाबत्तीसाठी जमिनी इनाम दिल्या जात. १८५२ च्या कायद्यान्वये इंग्रज सरकारने इनामांची चौकशी केली. आजही सातबारा उताऱ्यावर 'देवस्थान इनाम वर्ग ३' असा शेरा आढळतो, आणि गाव नमुना ३ ही तर दुमाला जमिनींचीच नोंदवही आहे. ज्या देवस्थानास जमीन होती त्यास काही ना काही उत्पन्न राहिले. ज्यास केवळ ठराविक रोख वर्षासन होते, त्याचे काय झाले? आकडा तोच राहिला आणि तेल महागत गेले. ज्या रकमेत पूर्वी वर्षभर दिवा जळे, तीत पुढे आठवडाही निघेना.

आता विजेकडे वळू. सणासाठी विजेच्या दिव्यांची पहिली प्रसिद्ध माळ २२ डिसेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्क येथे लागली. एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी नाताळच्या झाडावर ८० रंगीत दिवे लावले. ती रोषणाई सणापुरती होती. कायमच्या रोषणाईचे मोठे उदाहरण आपल्या शेजारी म्हैसूरला आहे. तेथील जुना वाडा १८९७ साली जळाला व नवा १९१२ साली पूर्ण झाला. शिवसमुद्रमचे वीजकेंद्र १९०२ सालीच सुरू झाले होते. वाड्याच्या कमानी-घुमटांवर एक लाखाच्या आसपास दिवे कायमचे बसविलेले असून रविवारी, सुटीच्या दिवशी व दसऱ्यात ते लागतात. इतक्या दिव्यांतील गेलेले दिवे शोधून बदलणे, हे तेथले न संपणारे काम आहे.

खेड्यापाड्यांत मात्र प्रथम आल्या त्या ग्यासबत्त्या, आणि त्याही भाड्याने. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले, हळूहळू वीज पोहोचली आणि मंडपवाल्यांच्या माळा आल्या. सहा व्होल्टचे सुमारे ४० दिवे ओळीने जोडले की २३० व्होल्टचा भार त्यांत वाटला जाई; परंतु एक दिवा गेला की सबंध माळ अंधारात. पुढे एलईडी दिवे आले. ज्या निळ्या एलईडीमुळे पांढरा उजेड साधला, त्याच्या तिघा संशोधकांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पूर्वीच्या ६० वॅटच्या दिव्याचे काम आज ९ वॅटमध्ये होते. असे १०० दिवे पाच तास लावल्यास पूर्वी ३० युनिट जळत, आता साडेचार. सबब वीजबिल हा आता मुख्य खर्च राहिला नाही. मुख्य खर्च भाडे, मजुरी व दुरुस्तीचा.

उदाहरणादाखल आकडे घेऊ. प्रत्येक गावाने त्या जागी आपले घालावेत. समजा, उत्सव मिळून वर्षात १५ रात्री रोषणाई होते व भाडे-मजुरी २४,००० रुपये लागते. कायमच्या दिव्यांस एकदा १,५०,००० रुपये व देखभालीस दरवर्षी ९,००० रुपये लागतात. दहा वर्षांत भाडे २,४०,००० होते. कायमच्या दिव्यांचेही १,५०,००० अधिक ९०,००० असे २,४०,०००च होतात. म्हणजे फायदा अकराव्या वर्षापासून, तोही दिवे तितके टिकले तर. देखभालीकडे दुर्लक्ष होऊन ते पाचव्या वर्षी बंद पडले, तर वर्षाला ३०,००० रुपये पडले, भाड्याहून महाग. आणि उत्सव केवळ पाच रात्रींचा असून भाडे ८,००० असेल, तर देखभालच भाड्याहून जास्त होते. पाऊस, उंदीर व विजेचा कमीजास्त दाब दिवे लागलेले आहेत की नाहीत हे पाहत नाहीत. भाड्याच्या माळा उत्सवानंतर निदान छपराखाली जातात.

आता हाच हिशोब अक्षयनीवीच्या रीतीने मांडू. शेकडा ६ व्याजाने दरवर्षी ९,००० मिळण्यास १,५०,००० रुपयांची ठेव हवी. म्हणजे कायमच्या दिव्यांची खरी किंमत दीड लाख नसून तीन लाख आहे. २४,००० भाड्यासाठी ठेव चार लाखांची लागेल, तर ८,००० भाड्यासाठी १,३३,००० च्या आसपास. यावरून दीर्घ उत्सवाच्या देवस्थानास कायमचे दिवे परवडतात व एकदोन यात्रांच्या देवस्थानास भाडेच बरे, हे उघड होते.

यात एक सावधगिरी हवी. सर्व व्याज दरवर्षी खर्चून टाकल्यास त्या ठेवीचीही गत जुन्या रोख वर्षासनासारखीच होईल. व्याजातील काही भाग मुद्दलात मिळवीत गेले पाहिजे, म्हणजे महागाईशी मेळ राहील आणि पुढे दिवे बदलण्याची वेळ आल्यास नव्याने वर्गणी फिरवावी लागणार नाही.

कायमचे दिवे बसवावयाचे ठरल्यास ते पावसाचे पाणी आत न शिरणारे असावेत. अर्थिंग व गळती होताच वीज तोडणारे यंत्र यांत काटकसर करू नये. दिव्यांची यादी, बसविल्याची तारीख व दुरुस्तीचा खर्च स्वतंत्र वहीत लिहावा. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याने हिशोब ठेवणे बंधनकारकच आहे; रोषणाईचे खाते त्यात वेगळे दाखविल्यास दहा वर्षांनी येणाऱ्या विश्वस्तांस काय परवडले हे अंदाजाने ठरवावे लागणार नाही.

आणि दीपमाळ? तिच्यावर खिळे मारून तारा ओढू नयेत, एवढीच विनंती. त्रिपुरी पौर्णिमेस एक संध्याकाळ तेलाचे दिवे लावावेत. त्या रात्रीच्या तेलासाठी घरटी पळीभर तेल गोळा करण्याची पाटणची रीत आजही कोणत्याही गावास जमण्याजोगी आहे.