शाळा सुटल्यानंतरची संध्याकाळ

मुलाने शाळेनंतर काय शिकावे, हा प्रश्न महाराष्ट्रात फार जुना नाही. तो पडायला आधी शाळेची वेळ ठरलेली असावी लागते आणि मुलाची संध्याकाळ मोकळी असावी लागते. पंतोजींच्या शाळेत मोडी अक्षर, हिशेब आणि पावकी-निमकी घोटून घेत. दिवेलागणीला घरी परवचा होई. बाकीचे शिक्षण घराण्याच्या व्यवसायातून मिळे. कीर्तनकाराचा मुलगा वडिलांमागे झांज घेऊन उभा राही, सुताराचा रंधा धरी. निवड जन्मानेच झालेली असे.

त्या चौकटीबाहेरची जागा म्हणजे तालीम. गावोगावी, पेठापेठांत लाल मातीचा हौदा असे आणि तिथे वस्ताद मुलांकडून जोर-बैठका काढून घेत. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे रूप दिले. पेशवाई गेल्यावर बाजीराव ब्रह्मावर्ताला गेला, आणि तिथे नानासाहेबांबरोबर लहानगी मनू, म्हणजे पुढची झाशीची राणी, ही विद्या शिकली असे परंपरा सांगते. एरवी मात्र तालमीची मातीही मुलग्यांचीच होती.

गाण्याची वाट आणखी अरुंद होती. कुरुंदवाडला 1872 मध्ये जन्मलेल्या विष्णू दिगंबर पलुस्करांचे डोळे लहानपणी फटाक्याने दुखावले. पुस्तकी शिक्षण अवघड झाले, म्हणून कीर्तनकार वडिलांनी मुलाला मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकायला ठेवले. मुलाला काय जमेल, हे पाहून केलेली ही निवड होती, पण ती दोन तासांच्या क्लासची नव्हे. गुरूच्या घरी राहायचे, पडेल ते काम करायचे आणि गुरूच्या मर्जीने मिळेल तेवढे शिकायचे, अशी ती वर्षानुवर्षांची तालीम होती. साध्या गृहस्थाच्या मुलाला हौसेपुरते चार राग शिकण्याची सोय तीत नव्हती.

ती सोय पुढे खुद्द पलुस्करांनीच केली. 1901 मध्ये लाहोरला आणि 1908 मध्ये मुंबईला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. ठरलेला अभ्यासक्रम, ठरलेली वेळ, फी, स्वरलिपीची छापील पुस्तके आणि परीक्षा, असा तिथला शिरस्ता होता. संस्थानिकाच्या आश्रयाऐवजी लोकांच्या पैशावर विद्यालय चालवायचे, हा हिशेब त्यांना फार महाग पडला. मुंबईची इमारत कर्जापायी गेली. तरीही मध्यमवर्गीय घरांतल्या मुलींना प्रतिष्ठेने गाणे शिकता येऊ लागले, याचे मोठे श्रेय या रचनेला द्यावे लागते. आजच्या संध्याकाळच्या क्लासचा सांगाडा इथेच तयार झाला.

शरीराच्या शिक्षणानेही त्याच सुमारास संस्थेचे रूप घेतले. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 चे, पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ 1924 चे, दादरचे श्री समर्थ व्यायाम मंदिर 1925 चे. अमरावतीच्या पथकाने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. 1941 मध्ये राष्ट्र सेवा दल स्थापन झाले आणि मैदानी खेळांना समूहगीतांची व कलापथकांची जोड मिळाली. घरापासून चालत जाता येईल ते मैदान आणि घराला पटेल तो विचार, या दोन गोष्टींवर मूल कुठे जाणार हे बहुधा ठरे.

चित्रकलेची सवय शाळेतूनच लागली. मुंबईत 1857 मध्ये सुरू झालेल्या जे. जे. कलाशाळेच्या छायेत राज्यभर चित्रकलेचे शिक्षण पसरले आणि एलिमेंटरी, इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा घराघरांत ठाऊक झाल्या. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे शब्द अनेकांना कळले ते या परीक्षांमुळेच. गाण्यातही असेच घडले. 1931 मध्ये पलुस्करांचे निधन झाले. त्यानंतर त्यांच्या शिष्यांनी उभारलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाने गाणे, तबला आणि नृत्यालाही प्रारंभिक ते विशारद अशा पायऱ्या दिल्या. खेडेगावातल्या मुलालाही आपली प्रगती मोजता आली, हा या परीक्षांचा खरा लाभ.

अलीकडे दहावीच्या निकालात शास्त्रीय कला, लोककला, चित्रकला आणि खेळांसाठी वाढीव गुण मिळू लागले. पालकांच्या निवडीत त्यामुळे प्रमाणपत्राचे वजन वाढले, आणि दहावीचा अर्ज भरून झाला की पेटी-तबल्याचा क्लास सोडणारी मुलेही दिसू लागली.