यंत्रांचा शेंदूर

मारुतीला आपण तेलात कालवून जो शेंदूर चढवतो, त्याच शेंदराचा हात एके काळी यंत्रांच्या ओतीव सांगाड्यांवरही चढत असे. ही सोयरीक ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. मला मात्र तीत लोखंडाची आणि ते राखणाऱ्या माणसाची कहाणी दिसते.

परंपरेचा शेंदूर म्हणजे भाजलेले शिसे. मुरदाडशिंग भट्टीत हवेवर तापवले की तांबडे होते. जवसाच्या तेलात, रंगाऱ्यांच्या बोलीत बेलतेलात, ते घोटायचे आणि गंज खरवडलेल्या लोखंडाला त्याचे अस्तर द्यायचे, ही एकोणिसाव्या शतकातील कारखान्यांची रूढ रीत होती. १८८९ साली पुऱ्या झालेल्या आयफेल मनोऱ्यालाही आधी हेच अस्तर मिळाले.

हे अस्तर धुतलेल्या धोतरासारखे वाळत नाही. तेल हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होते. त्यातील आम्लांशी शिसे मिळून एक प्रकारचा साबण बनतो आणि तो गंजाला थोपवतो. येथे घाई उपयोगाची नाही. पहिला हात पुरता वाळण्याआधी दुसरा दिला, तर वर साय धरते आणि आत कच्चे राहते.

पण खरी परीक्षा हा रंग काढताना होते. कोणी यंत्राचे भाग कॉस्टिक सोड्यात बुडवीत, कोणी ज्योतीने रंग जाळीत, कोणी पात्याने खरवडीत. १८७० साली अमेरिकेत बेंजामिन टिल्घमन यांनी वाळूच्या फवाऱ्याचे पेटंट घेतले आणि काम झपाट्याने होऊ लागले. लोखंड लख्ख झाले. शिशाची वाफ आणि धूळ मात्र कामगाराच्या छातीत गेली. पोटात कळा येणे, मनगट लुळे पडणे ही त्या विषाची लक्षणे. वाळूची धूळ तर फुप्फुसेच निकामी करते.

जगाला हे कळले नव्हते काय? १९२१ साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय करारात इमारतींच्या आतील रंगकामातून शिशाचा सफेदा वर्ज्य ठरला. परंतु कारखान्यांना व रेल्वे स्थानकांना, गरज भासल्यास, सूट राहिली. शेंदराचे तर त्यात नावही नव्हते. भारताने २०१६ च्या नियमांनी रंगातील शिशाला दहा लाख भागांत ९० भागांची मर्यादा घातली, पण तीही घरगुती व सजावटीच्या रंगांपुरती. घराच्या भिंतीला जे संरक्षण मिळाले, ते यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाला मिळाले नाही.

आज जस्ताच्या फॉस्फेटचे अस्तर मिळते, भट्टीत भाजून पक्की होणारी कोरडी पूडही मिळते. तेव्हा गरजेची सबब आता लंगडी पडली आहे. तथापि जुनी यंत्रे अजून जागोजाग उभी आहेत. त्यांचा तांबडा पापुद्रा ज्याला खरवडायचा आहे, त्याला तो शिशाचा आहे एवढे आधी सांगितले पाहिजे, आणि नाकातोंडाला नीट मुखवटाही दिला पाहिजे.