आजीचं पत्र आणि अनोळखी वाचक

आज आपण आठवणींच्या एका पुस्तकाबद्दल बोलणार आहोत. पण त्यातल्या हकिगतीपेक्षा ते ज्या हातांतून गेलं, त्या हातांबद्दल जास्त.

लेखिका येव्गेनिया गिंझबर्ग. जन्म १९०४ चा. काझानमध्ये शिकवणाऱ्या, वर्तमानपत्रात लिहिणाऱ्या, कम्युनिस्ट पक्षाच्या निष्ठावंत सभासद. १९३७ च्या फेब्रुवारीत त्यांना अटक झाली. खटला चालला सात मिनिटं, शिक्षा झाली दहा वर्षांची. आधी यारोस्लाव्लचा तुरुंग, मग पार पूर्वेकडच्या कोलिमातल्या छावण्या. शिक्षा संपल्यावर पुन्हा अटक, मग हद्दपारी. एकूण अठरा वर्षं गेली. १९५५ मध्ये सरकारनं कळवलं की बाई निर्दोष आहेत. तोवर थोरला मुलगा लेनिनग्राडच्या वेढ्यात गेलेला होता. धाकटा म्हणजे वासिली अक्स्योनोव, जो पुढे मोठा लेखक झाला.

या बाई लिहायला बसल्या तेव्हा समोर वाचक कोण होता? प्रस्तावनेत त्यांनीच सांगितलं आहे: हे नातवाला लिहिलेलं पत्र आहे. साल डोळ्यांसमोर होतं १९८०. तोवर नातू वीस वर्षांचा होईल आणि हे सगळं इतकं जुनं झालेलं असेल की निवांतपणे वाचता येईल, असा त्यांचा हिशेब. घरातलं पत्र, घरातल्यासाठी. आपल्याकडेही कितीतरी आत्मवृत्तं अशीच सुरू होतात, 'मुलांच्या आग्रहावरून' वगैरे. पण १९६२ च्या नोव्हेंबरात 'नोवी मीर' मासिकात सोल्झेनित्सिन यांची छावणीवरची कादंबरिका छापून आली आणि सगळ्यांनाच वाटलं, आता दार उघडलं. छावण्यांतून परतलेल्या माणसांनी अनोळखी सोल्झेनित्सिनना पत्रांवर पत्रं लिहिली. पुढे 'गुलाग'वरच्या ग्रंथासाठी त्यांनी २२७ जणांच्या साक्षी वापरल्या, त्याचं मूळ या पत्रांत आहे. गिंझबर्गबाईंनीही आपलं बाड उचललं आणि 'नोवी मीर' आणि 'यूनस्त' या दोन मासिकांकडे दिलं.

दोघांनीही ते छापलं नाही. दार उघडलं होतं ते एका माणसापुरतं.

पण एव्हाना कुणीतरी बाडाची एक प्रत टंकून घेतली होती. त्या प्रतीवरून आणखी कुणीतरी. यालाच 'सामिझ्दात' म्हणतात, म्हणजे स्वतःच काढलेलं प्रकाशन. सरकारी प्रकाशनसंस्थांच्या नावांची ती टिंगल आहे. याची रीत नीट समजून घ्या. टंकयंत्रात पातळ कागदांची चळत घालायची, मध्ये कार्बन, आणि बोटं दुखेपर्यंत कळा जोरात हाणायच्या. चार-पाच प्रती निघत. पहिली ठसठशीत, शेवटची इतकी पुसट की दिव्याजवळ धरल्याशिवाय अक्षर लागत नसे. पुसट प्रत ज्याच्या वाट्याला येई त्यानंही कुरकुर करायची नाही, कारण ती एका रात्रीपुरतीच असे. सकाळी पुढच्याला द्यायची. एका खोलीत पाच-सहा जण बसत, एकानं पान वाचून झालं की शेजाऱ्याकडे सरकवायचं, त्यानं पुढच्याकडे. आणि ज्याला एखादी प्रत जास्त दिवस मिळे त्यानं तिच्या नव्या प्रती टंकून साखळी पुढे न्यायची. म्हणजे वाचकच मुद्रक, वाचकच वितरक. धोकाही वाचकाचाच. सोव्हिएतविरोधी प्रचाराचं कलम लागलं तर सात वर्षांपर्यंत कैद होती. १९६६ मध्ये सिन्याव्स्की आणि दानिएल या दोन लेखकांना शिक्षा झाल्या आणि त्याच वर्षी आणखी एक कलम आलं, तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचं.

आपल्या जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक विनवणी करतो, तुम्हांला ठाऊक आहे: पाण्यापासून जपा, तेलापासून जपा, मूर्खाच्या हाती देऊ नका. सामिझ्दातच्या बाडावर अशी विनवणी लिहिण्याची सोयच नव्हती. चौथ्या-पाचव्या हातानंतर बाड कुणाकडे आहे हे लेखकाला कळत नसे, आणि कळू नये यातच सगळ्यांची सुरक्षा होती.

इथे आम्हांला थोडं ओशाळं वाटतं, तेही सांगून टाकू. आम्ही तरुण असताना मॉस्कोच्या प्रगती प्रकाशनाची मराठी पुस्तकं इथे लोकवाङ्मय गृहाच्या दुकानात मिळत. उत्तम छपाई, पक्की बांधणी, किंमत चहा-पाण्याएवढी. आम्ही ती भरभरून वाचली आणि वाचली याचा पश्चात्ताप नाही. पण त्याच काळात त्याच मॉस्कोतली माणसं पाचव्या कार्बनच्या पुसट अक्षरांवर डोळे फोडत होती, हे आम्हांला माहीत नव्हतं. गिंझबर्गबाईंचं पुस्तक आम्ही बरंच नंतर, इंग्रजीतून वाचलं. रशियन आम्हांला येत नाही.

आता एक प्रश्न. अनोळखी माणसाच्या हाती आपलं आयुष्य सोपवायचा धीर या बाईंना आला कुठून? उत्तर त्यांच्या पुस्तकातच आहे. अटकेनंतरचे सुरुवातीचे दिवस, काझानमधला तुरुंग. शेजारच्या कोठडीतून कुणीतरी भिंतीवर टकटक करतं आहे. काहीतरी सांगतं आहे हे उघड, पण काय? आणि अचानक त्यांना वाचलेलं एक पान आठवतं. वेरा फिग्नेर ही झारच्या काळातली क्रांतिकारक, वीस वर्षं श्लिसेलबुर्गच्या किल्ल्यात कैद. तिच्या आठवणींत कैद्यांची भिंतीवरची लिपी समजावलेली आहे. अक्षरांच्या पाच-पाचच्या ओळी पाडायच्या. आधी ओळीचा आकडा ठोकायचा, मग ओळीतल्या जागेचा. आपल्याला हे समजायला अवघड नाही, आपली व्यंजनं मुळातच पाच-पाचच्या वर्गांत बसलेली आहेत. 'न' हवा तर चार टकटक, जरा थांबून पाच. गिंझबर्गबाईंनी त्या पानाच्या आधारे भिंत वाचायला घेतली, आणि पलीकडचा माणूस बोलू लागला.

आता यातला काळाचा खेळ बघा. फिग्नेरबाई तेव्हा मॉस्कोत हयात होत्या, १९४२ पर्यंत होत्या. झारच्या तुरुंगाच्या आठवणी क्रांतीनंतर अभिमानानं छापल्या गेल्या, निष्ठावंत तरुण सभासदांनी आदरानं वाचल्या, आणि त्या उपयोगी पडल्या त्याच क्रांतीच्या तुरुंगात. पुस्तक लिहिणारीला कल्पनाही नव्हती की आपण हे पान नेमकं कुणासाठी लिहितो आहोत.

दुसरा प्रसंग १९३९ चा. ७६ बायका एका मालडब्यात कोंबून व्लादिवोस्तोककडे चालवल्या होत्या. प्यायला पाणीसुद्धा मोजून. गिंझबर्गबाई त्यांना पाठ असलेल्या कविता म्हणून दाखवत. पहारेकऱ्याला खात्री की डब्यात चोरून आणलेलं पुस्तक आहे. शेवटी पुस्तक नाही हे सिद्ध करायला त्यांना पहारेकऱ्यासमोर पुश्किनचं 'येव्गेनी ओनेगिन' न थांबता म्हणून दाखवावं लागलं. बाईंचा बचाव त्यांच्या पाठांतरानं केला. अशा माणसाला आपलं लिखाण कार्बनवरून कार्बनवर, घरातून घरात जातं आहे याची भीती कमी आणि नवल जास्त वाटलं असेल, असा आमचा तर्क आहे.

साखळी पुढे जाते तशी मागेही येते. बाड वाचून झालं की लोक बोलत, मुख्यतः स्वयंपाकघरात. मॉस्कोतली त्या काळची खरी सभागृहं तीच. मग निरोप, चिठ्ठ्या, पत्रं उलट्या दिशेनं लेखिकेपर्यंत पोचत. त्यात नामवंत लेखक होते, छावणीत राहून आलेले होते, आणि तो काळ न पाहिलेले तरुणही होते. स्तुती पुष्कळ झाली. पण आम्हांला महत्त्वाची वाटते ती एक नापसंती.

'नोवी मीर'चे संपादक त्वार्दोव्स्की. सोल्झेनित्सिनना छापण्याचं धाडस याच माणसाचं. त्यांचं गिंझबर्गबाईंच्या बाडाबद्दलचं मत मासिकातल्या परिचितांकडून बाईंच्या कानावर आलं: या बाईंना काहीतरी बिघडलं आहे हे कम्युनिस्टांची धरपकड सुरू झाली तेव्हाच कळलं, शेतकरी मारले जात होते तेव्हा त्यांना त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. त्वार्दोव्स्की हे बोलले कारण त्यांचे वडील स्मोलेन्स्कच्या खेड्यातले लोहार-शेतकरी. १९३१ मध्ये 'कुलाक' ठरवून सगळ्या कुटुंबाला हद्दपार केलं गेलं, आणि तरुण कवी असलेला हा मुलगा तेव्हा त्यांच्यापासून दूर राहिला. हे मत त्या जखमेतून आलेलं आहे. वडिलांवरची त्यांची कविताही पुढे अडवली गेली आणि १९८७ मध्ये छापून आली, तेव्हा ते हयात नव्हते.

बाईंना हे मत अन्यायाचं वाटलं. आमच्या मते ते कठोर होतं, पण खोटं नव्हतं. पहिल्या भागाच्या प्रस्तावनेत त्या अजून लेनिनच्या थोर सत्यांची पुन्हा प्रतिष्ठापना झाल्याचा आनंद व्यक्त करतात. अठरा वर्षं भोगलेली बाई पक्षाला अजून घरचाच मानते आहे.

१९६७ मध्ये मिलानच्या मोंदादोरीनं पहिला भाग छापला, बाईंना न विचारता. बाड सीमेपलीकडे कुणी नेलं ते त्यांनाही माहीत नव्हतं. मायदेशी छापून येण्याची आशा तिथे संपली, आणि गंमत अशी की लेखणी मोकळी झाली. त्या स्वतःच म्हणतात की आधी मनात एक आतला संपादक बसलेला होता, दुसरा भाग लिहिताना त्याच्याकडे बघणं त्यांनी सोडलं. या दुसऱ्या भागात 'मेआ कुल्पा' नावाचं एक छोटं प्रकरण आहे. लॅटिनमधले हे शब्द कॅथलिक लोक कबुलीच्या वेळी म्हणतात, 'अपराध माझा'. रात्री झोप येत नाही तेव्हा, आपण प्रत्यक्ष कुणाला मारलं नाही, या विचारानं समाधान होत नाही, असं त्या लिहितात. सभेत गुमान हात वर करणारा, भीतीपोटी अर्धसत्य लिहिणारा, हेही त्यात सामील. त्वार्दोव्स्कींना हे उत्तर आहे असं बाईंनी कुठे म्हटलेलं नाही. दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचली तर आम्हांला ते उत्तरच वाटतं. नातवाला लिहिलेल्या पत्रात हे प्रकरण आलं असतं का? आजी नातवाला आपलं दुःख सांगेल. आपला दोष तिच्याकडून काढून घ्यायला परकं माणूस लागतं, ज्याला तिची माया नाही.

गिंझबर्गबाई १९७७ च्या मे महिन्यात मॉस्कोत वारल्या. दुसरा भाग १९७९ मध्ये मिलानलाच निघाला. मग त्यांनी नेमलेलं १९८० साल उजाडलं. नातू वीस वर्षांचा झाला, आणि त्याच वर्षी वासिली अक्स्योनोव यांना देश सोडावा लागला. पुस्तक सोव्हिएत देशात अजून कार्बनवरच होतं. ते तिथे पहिल्यांदा छापून येऊ लागलं १९८८ मध्ये, तेही मॉस्कोत नव्हे, रिगाच्या 'दाउगावा' मासिकात, क्रमशः. तोवर ज्यांना वाचायचं होतं त्यांतल्या पुष्कळांचं ते वाचून झालेलं होतं.