तळटीप : ‘आधी वाटाड्या ठरवला’

ओझर निफाड तालुक्यातले. तिथून बदकांच्या शिकारीला जवळची जागा म्हणजे नांदूर मध्यमेश्वर. गोदावरी-कादवा संगमाजवळचा हा बंधारा गाळाने उथळ झाला आणि हिवाळी पाखरांचे फावले. अशा ठिकाणी गाळ कुठे घोट्याएवढा नि कुठे कमरेएवढा, हे पायांना ठाऊक असलेला माणूस बंदुकीआधी शोधावा लागे. (नागपूरची ॲलविन कूपर कंपनी परदेशी शिकाऱ्यांची वाघापर्यंत सगळी बडदास्त ठेवी, बदकांना एवढा थाट कशाला?) १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर निर्बंध आले, १९८६ला अभयारण्य झाले. आता चापडगावला गावचेच गाइड दुर्बीण घेऊन भेटतात. पक्ष्यांची नावे पुस्तकातही मिळतात. गाइडना आजचे पाणी विचारावे.
—संपा.