पेंग्विनचं अंगण

"आजी, तू इतिहास शिकवायचीस ना? मग मला सांग, लिनक्सवर गेम चालतात का?"

नातवाच्या या प्रश्नात इतिहास कुठे आला, ते मला आधी कळेना. त्याचं म्हणणं असं, की नेटवर जो तो वेगळंच सांगतो आणि प्रत्येक सांगणारा वेगळ्या सालातला असतो. २०११ मधला म्हणतो अजिबात नाही, २०२३ मधला म्हणतो मस्त चालतात. "तुला सनावळी लावता येते, तर तू लावून दे." चौदा वर्षांच्या मुलाने साधनाची तारीख पाहावी, याचाच मला इतका आनंद झाला की मी हो म्हणून बसले.

निमित्त साधं होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबली. त्याचा आठ वर्षांचा संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हता आणि नवा दहावीनंतरच मिळेल, असं त्याच्या आईने जाहीर केलं होतं. लिनक्स फुकट आणि जुन्या यंत्रावरही चालणारं. तेव्हा प्रश्न उरला तो खेळांचा.

तर मंडळी, ही सनावळी.

ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकीचा एक विद्यार्थी, लिनस टोरवाल्ड्स, आपण हौसेखातर एक छोटी ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय असं जाहीर करतो. तीच पुढे लिनक्स झाली. (पेंग्विन हे तिचं बोधचिन्ह नंतर आलं.) १९९४ मध्येच 'डूम' हा त्या काळचा गाजलेला खेळ लिनक्सवर आला. आयडी सॉफ्टवेअर या मूळ कंपनीतल्याच डेव्ह टेलरने तो आणला. हे मुद्दाम सांगते, कारण लिनक्स खेळांसाठी नाहीच असं छातीठोकपणे म्हणणारे ही नोंद विसरतात. यंत्राला ते अशक्य कधीच नव्हतं.

अडलं ते दुसरीकडे. १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजसाठी डायरेक्टएक्स आणलं. चित्र काढ, आवाज कर, हे संगणकाला सांगण्याची ती एक ठरीव भाषा. खेळ बनवणारे ती भाषा शिकले आणि तिच्यातच लिहू लागले. मग झालं असं, की खेळ नाहीत म्हणून लिनक्सकडे खेळाडू नाहीत, आणि खेळाडू नाहीत म्हणून खेळ नाहीत. वस्ती नाही म्हणून एस.टी. येत नाही आणि एस.टी. येत नाही म्हणून वस्ती होत नाही, तसलं.

हे कोडं फोडायला १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात लोकी नावाची छोटी कंपनी निघाली. दुसऱ्यांचे खेळ रीतसर परवानगीने लिनक्सवर आणायचे आणि खोक्यात घालून विकायचे, हा तिचा धंदा. पुरेसे गिऱ्हाईक मिळाले नाहीत आणि जानेवारी २००२ मध्ये तिला टाळं लागलं. पण तिथला प्रमुख प्रोग्रॅमर सॅम लँटिंगा याने लिहिलेलं एसडीएल हे साधन मागे उरलं आणि आजही असंख्य खेळांत वापरलं जातं. कंपनी बुडाली, तिचं काम तरलं. इतिहासात असं बरेचदा होतं.

दुसरी वाट दुभाष्याची. खेळ विंडोजच्या भाषेत बोलतो, लिनक्सला ती कळत नाही, तर मध्ये कुणीतरी भाषांतर करणारा बसवायचा. वाइन नावाचा हा प्रकल्प १९९३ मध्ये सुरू झाला आणि त्याची १.० आवृत्ती आली जून २००८ मध्ये. पंधरा वर्षं! पहिलीत गेलेलं मूल बी.ए. होऊन बाहेर पडेल एवढा काळ. बरं, एवढं करून वापरणाऱ्याची सुटका नव्हतीच. काळ्या पडद्यावर आज्ञा लिहा, अमकी फाइल तमक्या ठिकाणी ठेवा, ग्राफिक्स कार्डाशी झटापट करा... (त्या कार्डांच्या एका मोठ्या कंपनीबद्दल खुद्द टोरवाल्ड्सने २०१२ मध्ये भर कार्यक्रमात बोटाने जी खूण केली, तिचं वर्णन शिक्षिकेने न केलेलं बरं.) २०११ मधला तो माणूस नातवाला 'अजिबात नाही' म्हणाला, तो खोटं बोलत नव्हता.

पुढचं वळण एका दुकानदाराच्या धास्तीतून आलं. स्टीम हे संगणकावरच्या खेळांचं प्रचंड मोठं ऑनलाइन दुकान, व्हॉल्व्ह कंपनीचं. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर मायक्रोसॉफ्टने स्वतःचंच दुकान आणलं, आणि व्हॉल्व्हच्या गेब न्यूवेलने विंडोज ८ ला जाहीरपणे अनर्थ म्हटलं. ज्याच्या जागेत आपला गाळा, त्यानेच शेजारी दुकान थाटलं तर पोटात गोळा येणारच! फेब्रुवारी २०१३ मध्ये स्टीम लिनक्सवर आलं. २०१५ मध्ये लिनक्सवर चालणारी 'स्टीम मशीन्स' बाजारात आली आणि सपशेल पडली. कारण तेच जुनं. हवे ते खेळ त्यांवर नव्हते.

मग आलं २०१८, माझ्या मते या सगळ्या कहाणीतलं सर्वांत महत्त्वाचं साल. फिलिप रेबोले नावाच्या तरुणाला 'नीअर: ऑटोमॅटा' हा खेळ लिनक्सवर खेळायचा होता. त्यासाठी त्याने डायरेक्टएक्समधली चित्रांची भाषा व्हल्कन या नव्या, सगळीकडे चालणाऱ्या भाषेत वळवणारा दुभाष्या लिहिला, डीएक्सव्हीके. व्हॉल्व्हने त्याला आर्थिक पाठबळ दिलं, वाइनला त्याची जोड दिली आणि २१ ऑगस्ट २०१८ ला 'प्रोटॉन' या नावाने ते सगळं स्टीमच्या पोटातच घालून टाकलं. पहिल्या अधिकृत यादीत खेळ सत्तावीसच होते. पण खेळणाऱ्याने करायचं काय, तर एक बटण दाबायचं! दुभाष्या आतल्या आत बोलून घेणार. फेब्रुवारी २०२२ मध्ये हातात धरून खेळायचं 'स्टीम डेक' आलं, आणि लिनक्स हा शब्दही न ऐकलेली मुलं लिनक्सवर खेळू लागली. त्यांना तंत्र यावंच लागलं नाही, दुसऱ्या कुणी ते आधीच बसवून दिलं होतं.

एवढं वाचून झाल्यावर मी नातवाला म्हटलं, आता करून बघू. पेनड्राइव्हवर लिनक्स घेऊन, आधी काहीही न पुसता ते चालवून पाहता येतं, ही सोय मला फार आवडली. सर्वांत अवघड भाग म्हणजे संगणक सुरू होताना नेमकी कळ नेमक्या क्षणी दाबणं. तीन वेळा चुकलो. पटल्यावर डिस्कचा एक भाग मोकळा करून तिथे ते कायमचं बसवलं. त्याच्या अकरा खेळांपैकी नऊ सरळ चालले. दहाव्याचा आवाज येईना, पण प्रोटॉनची दुसरी आवृत्ती निवडल्यावर आला. आणि ती निवडायची हे कुणा अनोळखी खेळाडूने आधीच लिहून ठेवलं होतं.

अकरावा मात्र उघडेचना. आणि नेमका तोच हवा होता.

त्याचं कारण मला भरारी पथकाने समजलं. बारावीच्या केंद्रावर कॉपी पकडायला पथक यायचं तसं ऑनलाइन खेळांतही लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर असतं. त्यातलं कडक पथक संगणकाच्या थेट गाभ्यात, कर्नलमध्ये, ठाण मांडतं. लिनक्सचा गाभा कुणीही उघडावा, बदलावा, हे तर त्याचं ब्रीद. म्हणजे परीक्षा केंद्र विद्यार्थ्यानेच बांधलेलं! पथक तिथे भरवसा कशाचा धरणार? सप्टेंबर २०२१ मध्ये यातल्या दोन मोठ्या पथकांनी प्रोटॉनसाठी दार उघडलं, पण आत घ्यायचं की नाही हे प्रत्येक खेळाच्या मालकावर सोडलं. मे २०२४ मध्ये 'लीग ऑफ लेजंड्स'ने कडक पथक आणलं आणि लिनक्सवाले बाहेर राहिले. ३१ ऑक्टोबर २०२४ ला 'एपेक्स लेजंड्स'ने, लबाडांची ही पळवाट झाली आहे असं सांगून, लिनक्सवाल्यांना बंदी केली. उलट 'काउंटर-स्ट्राइक २' आणि 'डोटा २' व्हॉल्व्हचेच असल्याने लिनक्सवर सुखाने चालतात.

मला कंपन्यांचं म्हणणं समजतं, मीही कॉप्या पकडल्या आहेत. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये स्टीमच्या पाहणीत लिनक्सवाले पहिल्यांदाच शंभरात तीनच्या वर गेले. एवढ्याशा लोकांसाठी वेगळं पथक नेमायला कुणाला परवडतंय, हाही हिशेब त्यात असणार. वाइट एवढंच, की इथे मुलाने कितीही शिकून उपयोग नाही. काळ्या पडद्याच्या काळात निदान शिकून मार्ग निघायचा.

"दुसरा खेळ खेळ की!" मी सहज म्हणून गेले. तो म्हणाला, "आजी, तिथे ओम असतो." ओम त्याचा पाचवीपासूनचा मित्र, गेल्या वर्षी नागपूरला गेला. रोज रात्री नऊला चौघं त्या खेळात भेटतात. मी गप्प झाले.

मग विंडोज काढलं नाही. त्यावर तो एक खेळ सोडून काहीही उघडायचं नाही, मेल नाही, पासवर्ड नाही, असं ठरलं. अभ्यास, चित्रपट, बाकीचे दहा खेळ लिनक्सवर. संगणक सुरू केला की पडद्यावर दोन नावं येतात. दिवसभर तो वरचं निवडतो. नऊला पाच मिनिटं कमी असताना बाण खाली नेतो, आणि थोड्या वेळाने आतल्या खोलीतून हसण्याचा आवाज येतो.