समुद्र, मान्सून आणि कारणाचा शोध



पावसावर पिंपळनेरला बोलायचं तर जपूनच बोलावं लागतं. पांझरेला पाणी कधी येणार, पेरणी कधी धरायची, दुबार पेरणीची वेळ आली तर बियाण्याला पैसा कुठून आणायचा, हे तुमच्या घरचे प्रश्न. माझा विषय तत्त्वज्ञान. पण 'कारण म्हणजे काय' हा तत्त्वज्ञानाचा जुना प्रश्न पावसाला कुणी नेमका विचारला असेल, तर तो सुलोचना गाडगीळ यांनी. म्हणून आज त्यांच्याविषयी.

जन्म 1944चा, पुण्याचा. फर्ग्युसनमध्ये शिक्षण, पुढे हार्वर्डला. 1970ची त्यांची पीएच.डी. होती अटलांटिकमधल्या गल्फ स्ट्रीम प्रवाहाच्या नागमोडी वळणांवर, म्हणजे समुद्राच्या गणितावर. त्यानंतर वर्षभर एमआयटीत ज्यूल चार्नी यांच्याबरोबर पोस्ट-डॉक्टरल संशोधन केलं. हे चार्नी कोण? 1950 साली संगणकावर हवामानाचा पहिला अंदाज गणितानं काढला, त्या गटाचे प्रमुख. तिथं राहता आलं असतं. पण 1971 मध्ये त्या परत आल्या, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत दोन वर्षं काम केलं आणि मग बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या.

आता मूळ मुद्दा पाहा. आपण शाळेत काय शिकलो? जमीन तापते, समुद्र थंड राहतो, म्हणून वारे जमिनीकडे येतात आणि पाऊस पडतो. हॅले यांनी 1686 साली मांडलेली ही उपपत्ती. आपल्या न्यायशास्त्रात कारण ओळखायची कसोटी आहे अन्वय-व्यतिरेकाची: कारण असेल तिथं कार्य हवं, नसेल तिथं नको. ती इथं लावा. जमीन सर्वांत जास्त तापते मे महिन्यात, आणि मुख्य पाऊस जुलै-ऑगस्टचा. बरं, दुष्काळी वर्षी पावसाळ्यात जमीन जास्त तापलेली असते की चांगल्या पावसाच्या वर्षी? दुष्काळी वर्षी! मग त्या वर्षी पाऊस जास्त पडायला हवा होता. म्हणजे जमिनीचं तापमान पाऊस ठरवतो. आपण कार्यालाच कारण समजत होतो.

गाडगीळ आणि डी. आर. सिक्का यांनी उपग्रहाची चित्रं दिवसामागून दिवस तपासली. 1980च्या त्यांच्या निबंधात दिसलं, की विषुववृत्ताजवळच्या समुद्रावर ढगांचा जो पट्टा असतो, तसाच पट्टा पावसाळ्यात आपल्या जमिनीवर असतो, आणि दर काही आठवड्यांनी समुद्रावरून नवा पट्टा उत्तरेकडे सरकत येतो. पावसाची उघडीप का लांबते, याचं उत्तर शोधायला आता दिशा मिळाली. 1984 मध्ये जोसेफ आणि जोशी यांच्यासह त्यांनी दाखवलं, की समुद्राचा पृष्ठभाग साधारण 28 अंशांच्या वर गेल्याशिवाय असे मोठे ढग सहसा उभे राहत नाहीत. मात्र तेवढ्यानं भागत नाही. चूल पेटल्याशिवाय भाकरी होत नाही. पण चूल पेटली म्हणजे भाकरी झाली, असंही नाही.

मॉडेल म्हणजे तरी काय? हवा आणि समुद्र यांचे चौकोन पाडायचे, आणि प्रत्येक चौकोनातली उष्णता, वारा, ओलावा संगणकानं पुढं पुढं मोजत न्यायचा. समुद्राचं खरं तापमान हाती देऊनही जगातल्या अनेक मॉडेलांना आपला मान्सून नीट उतरवता येईना, हे गाडगीळांनी 1998 मध्ये तपासून मांडलं. कारण निसर्गात समुद्र ढग घडवतो, तसे ढगही समुद्राला सावली देऊन थंड करतात. म्हणून दोघांचं गणित एकत्र सोडवायला हवं. 2012 पासूनच्या मान्सून मिशनमध्ये पुण्यात अशाच जोड-मॉडेलवर काम झालं.

आणि तरीही बाई संगणकापाशी थांबल्या नाहीत. पावगडा-अनंतपूरच्या कोरडवाहू भुईमूग शेतकऱ्यांबरोबर बसून, वर्षानुवर्षांच्या पावसाचे आकडे पिकाच्या मॉडेलमध्ये घालून, कोणत्या तारखांना पेरलं तर धोका कमी, हे त्यांनी काढलं. 'देशात सरासरीइतका पाऊस' या वाक्यानं शेतकऱ्याचं भागत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं.

आखाजीला भेंडवळची घटमांडणी होते, घागरीखालच्या चार ढेकळांवरून चार महिन्यांचा पाऊस सांगतात. मी तिला हसणार नाही. धास्तावलेल्या माणसाला आधार लागतो. पण मॉडेलला आपण म्हणू शकतो, 'बाबा, गेल्या तीस वर्षांचा पाऊस आधी काढून दाखव, मग पुढचं बोल.' आणि ते कुठं चुकलं, हे मोजता येतं. यंदा अंदाज आला, की एवढंच विचारा: हा कोणत्या भागाचा, किती दिवसांचा, आणि आजवर किती वेळा खरा ठरला?